पहिला मसुदा कुठे आहे?

भेग जुनी की नवी हे कसं ओळखायचं, ते मला एका इंजिनिअरनेच दाखवलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पूर आणणाऱ्या सँडी वादळानंतर, डिसेंबर २०१२ मध्ये, विमा कंपनीने पाठवलेला तो माणूस न्यू जर्सीतल्या होबोकनच्या आमच्या घरात तळमजल्यावर उकिडवा बसला होता. भेगेत बॅटरीचा उजेड मारून म्हणाला, आत बघा. कडा धारदार, आतली वीट स्वच्छ लाल. जुन्या भेगेत धूळ बसलेली असते, कोळिष्टकं असतात, भिंत मध्ये कधी रंगवली असेल तर रंगही आत उतरलेला असतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. त्याने भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. भिंतीचं नुकसान पुराने नव्हे, तर जमीन वर्षानुवर्षं खचत गेल्याने झालं, असा इंजिनिअरिंग रिपोर्टचा निष्कर्ष होता. आमचा विमा सरकारी पूरविमा योजनेतला होता, खासगी कंपनीने सरकारच्या वतीने दिलेला. या पूरविम्यात जमीन खचल्याने झालेलं नुकसान धरत नाहीत, मग ती पुरामुळे का खचलेली असेना. त्यामुळे भिंतीचे पैसे नाहीत.

मी नेवार्कला एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहे. दुसऱ्यांच्या खटल्यांतले कागद मागायचे, चाळायचे, त्यांना नंबर घालायचे, हेच दिवसभर करते. पण घरी आलेलं ते पत्र वाचून मी गप्प बसले. घरात ओल होती, मुलगी लहान होती, आणि रिपोर्टखाली परवानाधारक इंजिनिअरचा शिक्का होता. नकाराचं पत्र टपालात पडल्यापासून एका वर्षात फेडरल कोर्टात जायला हवं होतं. ते वर्ष निघून गेलं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑफिसात एका सहकाऱ्याने न्यूयॉर्कच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टमधल्या फेडरल कोर्टाची एक ऑर्डर वाचायला दिली. मॅजिस्ट्रेट जज गॅरी ब्राउन यांची, ७ नोव्हेंबरची. लाँग बीच गावातल्या एका घराचा तो खटला. पाहणी करून आलेल्या इंजिनिअरने पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पुराच्या पाण्याच्या दाबाने पायाची भिंत कोसळली आहे आणि हे घर दुरुस्त करणं परवडण्यासारखं नाही. तो रिपोर्ट त्याच्याच कंपनीतल्या दुसऱ्या इंजिनिअरकडे तपासायला गेला. या दुसऱ्याने त्या घरात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. त्याने फोटो पाहून निष्कर्ष उलटा केला: पुराने ढाच्याचं नुकसान झालेलं नाही, माती दबत गेल्याने घर आधीपासूनच हळूहळू हललेलं आहे. घरमालकांच्या हाती पडला तो हा दुसरा रिपोर्ट. पहिला इंजिनिअर पुन्हा पाहणीला आला तेव्हा त्याच्याजवळ मूळ रिपोर्ट होता. त्या पानांचे फोटो घरमालकाने काढून घेतले म्हणून हे सगळं उजेडात आलं.

ते वाचताना माझे हात गार पडले. आमच्या घरात नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण ‘माती’, ‘वर्षानुवर्षं’, ‘आधीपासून’ हे शब्द मी आमच्या पत्रात वाचलेले होते.

ऑर्डरमधला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग मसुद्यांचा आहे. सँडीच्या खटल्यांसाठी कोर्टाने आधीच हुकूम काढला होता की नुकसानीचे रिपोर्ट, मसुद्यांसकट, दुसऱ्या बाजूला द्यायचे. विमा कंपनीच्या वकिलांनी मूळ मसुदा, म्हणजे तो पहिला रिपोर्ट, दिलाच नाही. फेडरल नियमांत तज्ज्ञांचे मसुदे दुसऱ्या बाजूला दाखवावे लागू नयेत असं संरक्षण आहे, ते २०१० पासून, आणि ते योग्यच आहे. वकील आणि तज्ज्ञ यांना मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. पण ते खटल्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञाबद्दल. दावा मान्य करायचा की नाही हे ठरवायला इंजिनिअर पाठवणं हा विमा कंपनीचा रोजचा धंदा आहे. त्या कामातला कागद खटल्याच्या तयारीचा कागद होत नाही. आमच्या कामात निम्मी भांडणं याच रेषेवरून होतात, आणि क्लेम फाइलचं, म्हणजे दाव्याबद्दल कंपनीने ठेवलेल्या कागदांचं, प्रत्येक पान हातात घेऊन तारीख बघावी लागते: हे पान कंपनीला खटल्याची चाहूल लागण्याआधीचं की नंतरचं?

ब्राउन यांनी शिक्षा केली तीही नेमकी. पहिल्या इंजिनिअरखेरीज दुसऱ्या तज्ज्ञाची साक्ष विमा कंपनीला आणता येणार नाही, आणि या भानगडीपायी घरमालकांच्या वकिलांचा झालेला खर्च कंपनीच्या वकिलांनी भरायचा. त्यापुढे जाऊन त्या डिस्ट्रिक्टमधल्या सँडीच्या सगळ्याच खटल्यांत, आणि ते हजाराच्या वर होते, सर्व मसुदे ३० दिवसांत द्यायला लावले. दंड एका खटल्यापुरता राहिला असता. मसुद्यांच्या हुकमाने हजार घरांना आपापला कागद बघता आला.

२०१५ मध्ये हा पूरविमा चालवणाऱ्या फेमा या सरकारी संस्थेने सुमारे १ लाख ४२ हजार पॉलिसीधारकांना पत्रं पाठवली की तुमचा दावा पुन्हा तपासून हवा असेल तर कळवा. आम्ही कळवलं. मी पेन्सिलच्या रेघेचा फोटो जोडला आणि फाइल मागताना शब्द मोजून लिहिले: पाहणीची टिपणं, मूळ फोटो, रिपोर्टची प्रत्येक आवृत्ती, दोन इंजिनिअरांमधले ईमेल. आता कामावरही विमा खटल्यात कागद मागते तेव्हा ‘रिपोर्ट’ एवढाच शब्द कधी लिहीत नाही. नुसता रिपोर्ट मागितला की शेवटचा येतो.

फेरतपासणीत भिंतीचे पैसे मिळाले. चेकबरोबर जे कागद आले त्यांत पाहणीचे एकोणीस फोटो होते. सातव्यात माझ्या चपला दिसतात, आणि भेगेशेजारी पेन्सिलची रेघ. टिपणं आली, तीही त्याच्याच अक्षरातली, त्यांत ‘नवीन’ हा शब्द दोनदा अधोरेखित केलेला आहे. त्याचा पहिला रिपोर्ट मात्र त्या पाकिटात नव्हता. पुन्हा मागितला, तर शेवटचाच पुन्हा आला.