पावणेआठ वाजले, लॅपटॉप बंद कर

गेल्या गुरुवारी माझ्या टीम लीडनं चालू केसमधून मला उठवून घरी पाठवलं. चूक झाली म्हणून नाही. दहा तास भरले म्हणून.

ज्यांना माझं काम माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: कंपन्यांचे सर्व्हर आता बहुतेक व्हर्च्युअल मशीन असतात, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरनं चालवलेले अनेक सर्व्हर, आणि त्यांचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर अडलं की आम्हाला फोन येतो. पुण्यात सहा वर्षं हेच केलं, इथे जर्मनीत कार्ल्सरुहला तिसरं वर्ष.

त्या दिवशी दुपारी दोनला एका कारखान्याची केस आली. सेव्ह वन, म्हणजे सगळ्यात तातडीची. ईआरपीचं, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार ज्यावर चालतो ते मशीन थांबलेलं, मशीनच्या डिस्क-फाइली राहतात ते डेटास्टोअर काठोकाठ भरलेलं. कारण आमच्या धंद्यात जुनंच. बॅकअप घेताना मशीनचा स्नॅपशॉट काढतात. म्हणजे पक्की खतावणी मिटून ठेवायची, तिची नक्कल होईपर्यंत नव्या नोंदी कच्च्या वहीत करायच्या, आणि नक्कल झाली की कच्च्या नोंदी पक्क्या वहीत उतरवायच्या. या उतरवण्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. इथे ते अकरा दिवस झालंच नव्हतं. बॅकअपची प्रॉक्सी, म्हणजे नक्कल करणारं मदतनीस मशीन, मूळ मशीनची डिस्क स्वतःला जोडून घेते, कॉपी करते आणि सोडते. एका रात्री जॉब मध्येच पडला, डिस्क प्रॉक्सीलाच चिकटून राहिली, फाइलला लॉक. मग दर जॉबला वहीवर वही. ही व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर ज्यांचं, ती व्हीएमवेअर सांगते की साखळीत दोन-तीनपेक्षा जास्त स्नॅपशॉट नकोत आणि एकही 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका. इथे एकोणीस होते, आणि मशीन सांभाळायच्या व्हीसेंटर या प्रोग्रॅमच्या स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये एकही दिसत नव्हता.

उपाय सोपा वाटतो: प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती डिस्क काढून टाकायची. पण तिथेच शेजारी एक चौकोन असतो, फाइलही डेटास्टोअरवरून पुसण्याचा. त्यावर चुकून टिक पडली तर चिकटलेल्या डिस्कबरोबर गिऱ्हाईकाची खरी डिस्क जाते. मी तिथल्या अ‍ॅडमिनला स्क्रीन शेअरवर तीनदा थांबवलं, चौकोन रिकामा आहे असं मोठ्यानं वाचायला लावलं, मगच ओके. मग जागा करायला एक टेस्ट मशीन दुसऱ्या स्टोरेजवर हलवलं आणि सव्वासहाला कन्सॉलिडेशन सुरू केलं. 1.8 टीबीची डिस्क. शेवटचा धड बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. म्हणजे हे बिघडलं तर कारखान्याचे अकरा दिवस गेले.

आणि पावणेआठला टीम लीड म्हणाली, "लॅपटॉप बंद कर. उद्या पावणेसातच्या आत लॉगइन करू नकोस."

इथला कामाच्या वेळेचा कायदा 1994 चा आहे. दिवसाला आठ तास, फार तर दहा, आणि दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तास विश्रांती. आपल्याकडेही कागदावर मर्यादा आहेत. फरक हा की इथे माणूस खरंच उठून घरी जातो. 2022 च्या सप्टेंबरमध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं कामाच्या तासांची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारकच आहे असं सांगितलं, तेव्हापासून तर घड्याळ आणखी कडक झालंय.

मला राग आला. अजूनही पूर्ण गेलेला नाही. आजारी माणसाचं पोट उघडून ठेवून डॉक्टरनं बस पकडावी तसं वाटलं. मी जे काही शिकले ते खराडीत, पहाटे चारला, सीनियरच्या खुर्चीमागे उभं राहून. कन्सॉलिडेशन 99 टक्क्यांवर दोन-दोन तास अडतं आणि तेव्हा घाबरून रद्द करायचं नसतं, हे कुठल्या ट्रेनिंगनं नाही शिकवलं. कॅबमध्ये गार्ड शेजारी बसलेला असताना उजाडताना घरी जायचे, पण केस बंद करून जायचे. इथल्या सहकाऱ्यांना मी आवर्जून सांगते की व्हेरिटासचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर पुण्यात होतं, ड्रुवा 2008 साली पुण्यात सुरू झाली. बॅकअपचं सॉफ्टवेअर लिहिणारी अख्खी फळी आपल्या गावात तयार झाली. ती काही दहा तास मोजून झाली नाही.

हेही लिहिते, की पुण्यात शेवटची दोन वर्षं मला अ‍ॅसिडिटीची गोळी घेतल्याशिवाय जेवण जायचं नाही. इथे ती गोळी बंद आहे. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "चेहरा भरलाय गं तुझा."

पण गुरुवारचं खरं पुढेच आहे. केस हँडओव्हर कुणाला करायची? पावणेआठनंतर आमची रांग नाईट शिफ्टकडे जाते, आणि नाईट शिफ्ट पुण्यात बसते. तिकडे सव्वाअकरा वाजले होते. मी लिहिलेलं सगळं वाचून तिथल्या मुलानं दोन चांगले प्रश्न विचारले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही निघा, मी बघतो."

मी निघाले. ट्राममध्ये स्वतःला समजावत होते की त्याची पाळी रात्रीचीच आहे, त्याला अलाउन्स मिळतो, मीही सहा वर्षं तेच केलंय. हे सगळं खरंच आहे. तरी झोप लागायला दोन वाजले.

शुक्रवारी पावणेसातला, एक मिनिट आधी नाही, लॉगइन केलं. कन्सॉलिडेशन त्याच्या घड्याळात पहाटे चार दहाला संपलं होतं, ईआरपी चालू. प्रॉक्सीला आणखी एका मशीनची डिस्क तशीच चिकटलेली त्याला दिसली होती. माझ्या नजरेतून ती सुटली होती. तीही त्यानं सोडवली आणि दोन्ही मशीनचे पूर्ण बॅकअप पहिल्यापासून सुरू करून ठेवले. पुण्यात सव्वादहा झाले होते. त्याची पाळी कधीच संपलेली, पण नावापुढचा हिरवा ठिपका तसाच होता.

"अरे, झोपला नाहीस?" मी लिहिलं.

"84 टक्के झालंय ताई. एवढं बघूनच जातो."

लॅपटॉप बंद कर, असं मी त्याला म्हटलं नाही. मीही तोच जॉब उघडला आणि दोघं आकडा बघत बसलो.