‘एवढा विचार खरंच केला असेल का हो?’

मासिकाच्या मुखपृष्ठाबद्दल मी बोलायला लागले की हा प्रश्न ठरलेला. मासिकाचं नाव डोक्याआड का गेलंय, चेहरा कुठे बघतोय, पिवळा रंग त्या एकाच शब्दाला का, असं काही सांगत असते आणि समोरचा हसून म्हणतो, अहो, घाई असेल, जागा असेल, दिलं असेल लावून. तुम्ही उगाच खोलात शिरता.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते. कधीकधी हो, केलेला असतो. ‘एस्क्वायर’ या अमेरिकन मासिकाचा एप्रिल १९६८चा अंक बघा. सैन्यात जायला नकार दिला म्हणून किताब गमावलेला मुहम्मद अली, अंगात बाण रुतलेल्या संत सेबास्टियनच्या पवित्र्यात. कल्पना त्यांची मुखपृष्ठं करणाऱ्या जॉर्ज लोईस यांची. ख्रिस्ती संताच्या रूपात उभं राहायला अलीने आधी हरकत घेतली, आपल्या धर्मगुरूंशी फोनवर बोलणं झाल्यावरच तो तयार झाला. बाण नीट राहीनात म्हणून वरून बारीक दोऱ्यांनी टांगले. हे काय ‘दिलं लावून’?

पण बहुतेक मुखपृष्ठं अशी नसतात, हे मलाही ठाऊक आहे. ती तुम्ही म्हणता तशीच होतात. माझं म्हणणं एवढंच की त्याने बघणाऱ्याला फरक पडत नाही.

मी एका मासिकाच्या कला विभागात उमेदवारी करत होते तेव्हाची गोष्ट. एक ज्येष्ठ संशोधक वारले. अंक छापायला जायच्या बेतात, घरच्यांनी दिलेला एकच बरा फोटो हाताशी. फोटोत ते डावीकडे बसलेले, नजर उजवीकडच्या मोकळ्या जागेत. मथळे मात्र डावीकडे हवे होते, कारण स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून लावतात आणि दिसते ती डावी पट्टीच. आर्ट डायरेक्टरनी फोटो उलटा केला. चेहरा उजवीकडे गेला, डावीकडे जागा झाली, नजर थेट मथळ्यांवर. मांडणी म्हणून बिनतोड. मी म्हटलं, शर्टाचा खिसा उजवीकडे गेलाय. ‘कोण बघतंय?’ असं उत्तर मिळालं. अंक गेला.

अंक घरी पोचल्यावर त्यांच्या पत्नीचा फोन आला. नेमका मीच उचलला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘दुसऱ्या कुणाचा फोटो लागला का?’ मी म्हटलं, नाही हो, सरांचाच आहे. मग त्या सावकाश एकेक सांगत गेल्या. भांग या बाजूला नव्हता. तीळ गालाच्या त्या बाजूला होता. आणि डावा डोळा जरा बारीक होता, उजवा नाही. मी ‘हो’, ‘हो’ म्हणत राहिले. ‘बरं,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खूप नंतर माझ्या लक्षात आलं की आरशात ते स्वतःला रोज असेच दिसत असणार. आम्ही छापलेला चेहरा जगात फक्त त्यांच्याच ओळखीचा होता.

आता सांगा, यात कुणी विचार केला होता? कुणीच नाही. आणि तरी त्या पानाने त्या बाईंना काहीतरी सांगितलंच ना?

विद्यार्थिदशेतल्या मला तोच अंक दिला असता तर मी पानभर लिहिलं असतं. गेलेला माणूस मागे वळून बघतोय, ज्या बाजूने आपण वाचायला सुरुवात करतो तिकडे, वगैरे. त्या विद्यार्थिनीची मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. सरांना न ओळखणाऱ्या वाचकांना तेच दिसलं असेल.

‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२च्या अंकावर आडवा फोटो उभ्या पानात बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. कारण तुमचंच, जागा. बभ्रा झालाच. जून १९९४मध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोघांनी खुनाचा आरोप असलेला कृष्णवर्णीय अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन, त्याचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो छापला. ‘न्यूजवीक’ने जसा होता तसा, ‘टाइम’ने काळवंडवून. शेजारी ठेवल्याबरोबर एकाच माणसाची दोन माणसं झाली. वंशाचा काही हेतू नव्हता, असं ‘टाइम’च्या संपादकांनी सांगितलं. हेतूचं काय करायचं, पान बघा, असं मी याबद्दल बोलताना ठासून सांगते.

आणि इथेच तुम्ही मला पकडू शकता. आमच्या आर्ट डायरेक्टरची बाजू मी आजही घेते. घाई होती, फोटो एकच होता, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. म्हणजे हेतूच पुढे करते. ‘टाइम’ने केलं त्यात आणि आम्ही केलं त्यात फरक आहे, असं मला वाटतं. कातडीचा रंग बदलणं आणि बाजू बदलणं एक नव्हे, हे म्हणून पाहिलं, पण त्या फोनपुढे ते टिकत नाही. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.