गोल्फ जीटीआय : समर टायर की ऑल-सीझन? निर्णयापर्यंतची नोंद

न्यू जर्सी, ऑक्टोबरचा शेवट. गाडी 2018 ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, टायरचे माप 225/40 आर 18. जुन्या ऑल-सीझन, म्हणजे वर्षभर वापरायच्या, टायरांच्या ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या थराची) खोली अडीच मिलिमीटरच्या आसपास भरली. कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, परंतु पाणी बाहेर फेकण्याची त्याची क्षमता बरीच आधी ओसरते. त्यामुळे आणखी एक हिवाळा याच टायरांवर काढायचा नाही, हे निश्चित होते.

ही चर्चा बहुधा बर्फाभोवती फिरते, पण माझ्या मते निर्णायक आकडा सकाळच्या तापमानाचा आहे. रस्ता पूर्ण कोरडा असला तरी समर परफॉर्मन्स टायरचे, म्हणजे उबदार हवेसाठी बनवलेल्या टायरचे, रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि त्याची पकड घटते. तापमान शून्याच्या बरेच खाली गेल्यावर अशा टायरवर गाडी हलवली तर ट्रेडला तडे जाऊ शकतात, अशी ताकीद टायर कंपन्या स्वतःच देतात. आमच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक सकाळी पारा सातच्या खालीच असतो, आणि माझी गाडी उघड्यावर उभी असते. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ही अडचण जवळजवळ नाहीच.

समर टायर पावसात कच्चा असतो, हा समज मात्र सोडून द्यावा. हवा उबदार असेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना चांगला समर टायर सहसा सरसच ठरतो.

मी दोन टायरांची तुलना केली. समर टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट 4एसचा ट्रेडवेअर अंक (जास्त अंक म्हणजे झीज कमी) 300 आणि हमी 30,000 मैलांची, तर ऑल-सीझन टायर कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस 06 प्लसचा अंक 560 आणि हमी 50,000 मैलांची. ट्रॅक्शनची, म्हणजे पकडीची, श्रेणी दोघांचीही 'एए' आहे. परंतु ही श्रेणी ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत, चाक लॉक करून मोजली जाते, वळणावरच्या पकडीबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि मला नेमकी तीच हवी आहे. ऑल-सीझन टायरच्या ट्रेडमधील रबरी ठोकळ्यांमध्ये बर्फासाठी बारीक चिरा असतात. जोराच्या वळणावर ते ठोकळे किंचित वाकतात आणि स्टीअरिंगला प्रतिसाद क्षणभर उशिरा मिळतो. 350 न्यूटन-मीटर टॉर्क पुढच्या दोनच चाकांवर येणाऱ्या या गाडीत तो फरक हाताला स्पष्ट जाणवतो. ज्यांना एकच संच ठेवायचा आहे, त्यांना मी निःसंकोच डीडब्ल्यूएस सुचवेन.

मी दोन संच ठेवायचे ठरवले आहे. 18 इंची चाकांवर पायलट स्पोर्ट 4एस एप्रिलमध्ये चढतील. हिवाळ्यासाठी 17 इंची चाके घेतली असून त्यांवर 225/45 मापाचे मिशेलिन क्रॉसक्लायमेट 2 हे ऑल-सीझन टायर बसवले आहेत. त्यांच्यावर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह आहे, म्हणजे दाबलेल्या बर्फावरील पकडीची ठरावीक चाचणी ते उत्तीर्ण झालेले आहेत. दोन्ही संचांच्या एकूण व्यासात सुमारे 3 मिलिमीटरचाच फरक असल्याने स्पीडोमीटरची चिंता उरत नाही.

चाके घेताना 5×112 ची बोल्टरचना (112 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट) आणि 57.1 मिलिमीटरचे मध्यछिद्र तपासून घेतले. बोल्ट 120 न्यूटन-मीटरवर आवळले आहेत. थोडे अंतर चालल्यावर ते पुन्हा तपासायचे आहेत. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की हवेचा दाब साधारण 1 पीएसआयने कमी होतो, म्हणून थंडी वाढेल तसा तोही गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजणार आहे.