वाढावा

गावच्या दूध संस्थेच्या नव्या संचालक मंडळाची पहिली सभा झाली. हार, नारळ, पेढे, सगळं रीतीप्रमाणे. सचिव म्हणून इतिवृत्त लिहून कपाटात ठेवलं, तरी नव्या अध्यक्षांचा, दादांचा, एक प्रश्न डोक्यातून हटत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "भाऊ, महिन्याला वाढावा किती निघतो?" वाढावा म्हणजे उत्पादकांच्या नावावर मांडलेल्या दुधापेक्षा आम्ही पुढं दूध संघाला पाठवतो ते जितकं जास्त भरतं तितकं.

जुने अध्यक्ष अण्णा आधी घट विचारायचे. कॅन कुठं गळतोय, टँकर उशिरा येतोय का, दूध नासलं का. आकडा विचारला तर त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? अध्यक्षांनी विचारायलाच पाहिजे. तरी झोप येईना.

वाढावा काही म्हैस देत नाही. काटा 100 ग्रॅमवर लावलेला आहे. 5.480 भरलं की 5.4 धरायचं, वरचं 80 गेलं. कुणाचं 10 जातं, कुणाचं 90. सरासरी 50 धरली आणि सकाळी 180, संध्याकाळी 180 जण, तर दिवसाला 18 किलो. दहा दिवसांच्या बिलात साधारण पावणेदोनशे लिटर दूध असं, जे संघाच्या टँकरमध्ये आहे पण कुणाच्याच पासबुकात नाही. फॅटचंही तेच. मशीन 6.47 दाखवतं, बिलाला 6.4 लागते. सॅम्पल मापाआधी काढला तर तोही उत्पादकाचाच जातो. मापानंतर काढून उरलेलं कॅनमध्ये परत ओतलं तर कुणाचंच जात नाही. आपल्याकडं अजून आधीच काढतात. गर्दीत काट्यावर कामाला असलेल्या पोरांना सोपं पडतं.

एवढी वर्षं हे सगळं माहीत असून कुणी विचारलं नाही म्हणून मीही बोललो नाही. आज विचारलं, तेही उलट्या बाजूनं.

सगळे म्हणतात, वाढाव्याचं पुन्हा सभासदांनाच मिळतं. मिळतं, खरं आहे. नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीला, खर्च आधीच वजा, उरलेला दिवाळीला दर फरक म्हणून, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर वरचे पैसे. पण फरक लिटरवर मिळतो. 40 लिटर घालणाऱ्याचं एका वेळेला 50 ग्रॅम गेलं तर त्याला पत्ताही लागत नाही. खालच्या आळीतल्या मावशी दोन लिटर घालतात, त्यांचं तेवढंच गेलं म्हणजे शंभरातले अडीच गेले. दिवाळीला ते जास्त लिटरवाल्याच्या फरकात जातं. मावशी किटली उपडी करून शेवटचा थेंब पडेपर्यंत हात हलवत नाहीत. मागं रांग ओरडते, तरी नाही. तो थेंब आणि ते 50 ग्रॅम एकाच मापात पडतात.

आणि खर्च आधी वजा होतो म्हटलं, त्यात माझा पगार आहे. पोरांचाही. संघाचं कमिशन एकट्यानं पुरत नाही. हे लिहायला हात जड झाला.

दादांवर राग धरून काय करू? त्यांना खर्चाची ओढाताण दिसली म्हणून विचारलं असेल. निवडून आले ते दर वाढवून देतो म्हणूनच. काटा त्यांनी लावलेला नाही. 10 ग्रॅमवर लावायची सोय त्याच काट्यात आहे, चार बटणं दाबायची. पगार मग कमिशनमधून आणि पशुखाद्याच्या विक्रीतून उभा करावा लागेल. ताळेबंदात तो खर्च उघड दिसेल, वार्षिक सभेत ओरड होईल. होऊ दे. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे.

मशीनची फॅटही एकदा गर्बरनं, म्हणजे ॲसिड घालून फॅट काढायच्या जुन्या पद्धतीनं, पडताळायला हवी. 10 मिली ॲसिड, 10.75 दूध, 1 अमाइल अल्कोहोल, पाच मिनिटं फिरवून 65 अंशाच्या पाण्यात. ॲसिडची बाटली तळाला गेली आहे, मागवायची.

दादांना फोन केला. उद्या पावणेसहाला काट्यापाशी उभं राहा म्हटलं. येतो म्हणाले.