बोर्ड हलका होता, चिप नव्हे

2004 साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर असेंब्ली सुरू केली. धंदा बरा चालला होता. सांगायचंय ते 2013 चं.

एका कॉलेजच्या अ‍ॅनिमेशन लॅबची वीस मशीनची ऑर्डर मिळाली. आम्ही एएमडी कंपनीचा एफएक्स-8350 प्रोसेसर घातला. पण चिप 125 वॉटची आणि दर बसवायला बोर्ड मी हलके घेतले, चिपला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएम भागावर उष्णता ओढून घेणारा हीटसिंकसुद्धा नव्हता. मे महिना, लॅबला एसी नाही. दुपारी बारा वाजले की मशीन रखडायची. केस उघडून चिप बसते त्या सॉकेटशेजारी बोट टेकवलं की चटका बसायचा. शेवटी वीसही बोर्ड पदरच्या पैशाने बदलले. कॉलेजने बिल तरीही अडवलं. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून वितरकाचे भागवले. समोरच्या दुकानदाराने गावभर केलं, "एएमडी तापतो, तिकडे जाऊ नका." चूक बोर्डाची, म्हणजे माझी. नाव चिपचं खराब झालं, ते अजून खुपतं.

गिऱ्हाईक तुटलं, पण आमचे आर्किटेक्ट सर राहिले. 2017 च्या मार्चमध्ये एएमडीचा नवा प्रोसेसर रायझन आला तेव्हा त्यांना म्हटलं, "सर, पुन्हा एकदा विश्वास टाका." इंटेलचा आय7-7700के चार कोरचा, 91 वॉटचा, जवळपास त्याच किमतीत रायझन 7 1700 आठ कोरचा, 65 वॉटचा. डिझाइनचं चित्र तयार करायला, म्हणजे रेंडरला, कोरच लागतात. बोर्ड या वेळी चांगला घेतला. पुढे सर्व्हरही एपिकचा, म्हणजे एएमडीच्या सर्व्हर चिपचा दिला. एका सॉकेटवर 128 पीसीआयई लेन, म्हणजे कार्डांशी डेटा नेण्या-आणण्याच्या वाटा, चारही ग्राफिक्स कार्डांना सोळा-सोळा पूर्ण. तेव्हाच्या इंटेलच्या झिऑन या सर्व्हर चिपवर 48 च होत्या.

टॅलीच्या मशीनला मी आजही इंटेलचा आय3 देतो, ग्राफिक्स चिपमध्येच असल्याने वेगळं कार्ड लागत नाही. पण 2017 मध्येच इंटेलने 1151 सॉकेट तोच ठेवून आठव्या पिढीला नवा बोर्ड घ्यायला लावला, ते पटलं नाही.

नव्या पोरांना सांगतो, रायझनच्या एएम4 सॉकेटवरचा कूलर सरळ वर ओढू नका. मशीन दहा मिनिटं चालवून बंद करा, चिप आणि कूलरमधली पेस्ट मऊ झाली की हलकेच डावी-उजवीकडे फिरवून काढा. 2022 मध्ये सरांच्या बोर्डावर नवा रायझन 5700एक्स बसवताना माझ्या पोराने घाई केली. जुना 1700 कूलरला चिकटून सॉकेटबाहेर आला, कडेच्या तीन पिना वाकल्या. लीड पेन्सिलच्या रिकाम्या नळीत एकेक पिन धरून तासभर सरळ केल्या. तो 1700 आता दुकानाच्या बिलिंग मशीनमध्ये चालतोय आणि सरांचा बोर्ड अजून 2017 चाच आहे.