सात मिलिमीटरने खाल्लेले सहा रविवार

रविवारी रात्री साडेअकराला, सायकल विमानातून न्यायच्या पेटीचं झाकण बसलं. वर गुडघा न देता. दोन्ही खटके आपापले लागले आणि मी तसाच पाच मिनिटं फरशीवर बसून राहिलो.

मागच्या नोंदीत कपलरची (फ्रेमचे दोन तुकडे जोडणाऱ्या सांध्याची) कटकट संपल्याचं लिहिलं होतं. नट सैल नव्हताच, दातांत धूळ बसली होती. घासून टेफ्लॉनचं ग्रीस लावलं आणि पन्हाळा चढताना फ्रेम चिडीचूप. तेव्हा वाटलं, आता फक्त पेटीत भरायचं राहिलं. त्या ‘फक्त’ने सहा रविवार गिळले.

विमानात साधं सामान म्हणून चालणाऱ्या पेटीचा आकडा तुम्हाला पाठ आहेच: लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर. म्हणजे ६६, ६६ आणि २६. चांगली अखंड फ्रेम दोन तुकड्यांत करून घ्यायची, कपलरचे जास्तीचे पैसे मोजायचे, ते या आकड्यासाठीच. पेटी ऑनलाइन मागवली, तर विक्रेत्याने माप खालची चाकं न धरता दिलेलं. चाकांसकट १६१! तक्रार केली तर उत्तर आलं, ‘इतर ग्राहकांना अडचण आली नाही.’ इतर ग्राहक टेपने मोजत नसावेत. उद्यमनगरात नेऊन ती चाकं विंग नटवर बसवून घेतली. विमानतळावर काढून खिशात टाकायची.

तिथल्या टर्नरने कपलर बघितलं आणि म्हणाला, “नवीकोरी सायकल मधनंच कापून आणलासा व्हय?” पण माणूस हाताचा पक्का. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि मागचे ड्रॉपआउट (मागचं चाक बसतं त्या खाचा) चेपू नयेत म्हणून मध्ये घालायला १०० आणि १४२ मिलिमीटरचे डमी आस करायचे होते. मला हौस टायटॅनियमची. त्याने सरळ नकार दिला: टूल खातं, आणि बारीक बुरा पेट घेतो. दोन्ही गोष्टी खऱ्या. नायलॉनच्या रॉडमधून अर्ध्या तासात करून दिले, चहा त्यानेच पाजला. आत इतके चपखल बसतात की उगाच काढून घालून बघतो.

आता खरं दुखणं. ७०० सी मापाच्या रिमवर ४० मिलिमीटरचा टायर म्हणजे रिमचे ६२२ अधिक दोन्ही बाजूंच्या टायरचे ८०, बाहेरून ७०२ मिलिमीटर. पेटी आतून ६५०. हवा सोडून, दाबून, शिव्या घालूनही जाईना. म्हणून टायर उतरवले. ट्यूबलेस आहेत हे डोक्यात होतं, पण आत किती सीलंट (भोक बुजवणारा पांढरा चीक) उरलंय ते फरशीवर सांडल्यावर कळलं. आईने आधी विचारलं, “ताक सांडलंस काय रे?” मग पुसायला बसल्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टायर निघाले, चाकं आत गेली, तरी झाकण वर. फोम पातळ केला, रोटर (ब्रेकच्या चकत्या) काढले, फोर्क काढून कडेला उभा घातला, मागचा त्रिकोण उलटा फिरवला. दर वेळी झाकण त्याच जागी अडायचं. चौथ्या रविवारी वर बसलो, तर एक खटकाच तुटला.

पाचव्या रविवारी कॅलिपर घेऊन बसलो. मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) १४२ मिलिमीटर, पुढचा १००. एकावर एक म्हणजे २४२. पेटीची आतली खोली, भिंती आणि फोम जाऊन, २३५. सात मिलिमीटर! मी सगळा वेळ फ्रेमशी भांडत होतो आणि अडत होते दोन हब, टोकाला टोक लावून. उपाय सोपा, हब एकमेकांच्या बाजूला सरकवायचे. पण टायर काढूनही ७०० सीची रिम बाहेरून ६४० भरते. ६५० च्या पेटीत सरकणार कुठे? जेमतेम एक सेंटीमीटर. फोम काढून टाकला तर ॲक्सलचं टोक थेट पेटीच्या भिंतीला, म्हणजे सामान फेकणाऱ्यांच्या कृपेवर.

मग ग्रुपमधल्या एकाची ६५० बीची, म्हणजे थोडी लहान मापाची चाकं मागून आणली, ४७ च्या टायरसकट. एक या कोपऱ्यात, दुसरं समोरच्या कोपऱ्यात. टायर उतरवायचीही गरज नाही, हवा सोडली की कडेला चेपतात. हब चारेक सेंटीमीटर सरकले, टोकं एकमेकांशेजारून गेली. मागच्या त्रिकोणाच्या पोकळीत कॅसेट (मागच्या गिअरची चक्रं), पुढचा तुकडा चाकांच्या वर, नळ्यांवर चप्पल लाइनमधल्या कारागिराने शिवून दिलेली चामड्याची खोळ (परदेशी नायलॉनच्या खोळीपेक्षा दसपट छान, आणि वासही येतो). कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत काट्यावर घातली, २०.९ किलो. २३ च्या आत.

म्हणजे आता ६५० बीचीच चाकं बांधायची. जायचंय ताजिकिस्तानात, पामीरच्या एम-४१ रस्त्यावर; तिथे ४,६५५ मीटरच्या अक-बैताल खिंडीकडे चढताना ४७ चा टायर ४० पेक्षा बराच बरा, त्यामुळे दुःख नाही. फक्त चाकाची त्रिज्या ३५१ वरून ३३९ होते, बीबी (पेडल फिरतात तो आस) बारा मिलिमीटर खाली येतो. खड्ड्यात पेडल घासणार. त्यासाठी १६५ मिलिमीटरचा आखूड क्रँक (पेडलचा दांडा) घ्यायचं ठरवलं होतं.

हे लिहिता लिहिता सुचलं, ५० चा टायर घातला तर त्रिज्या ३४२, तीन मिलिमीटर परत मिळतात. फ्रेममध्ये जागा ५० पुरती ठेवून घेतली आहेच. मग क्रँकचे पैसे वाचले! पण ५० चे टायर कोपऱ्यात तेवढेच चेपतील का, हब तेवढेच सरकतील का, हे भरून बघावं लागेल. शिवाय ट्यूबलेस की ट्यूब? किरगिझस्तानात ओशला उतरून हातपंपाने बीड (टायरची कड) रिमवर बसवत बसण्याची माझी तयारी नाही. प्रवासात ट्यूबच घालणार, नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावीत.

शनिवारी उसनी चाकं लावून गगनबावड्याला जातोय. पेडल कुठे कुठे घासलं ते खडूने मार्क करून आणतो. कुणाकडे ५० चे जुने टायर पडले असतील तर एका रविवारापुरते द्या, पेटीत कोंबून परत करतो.