खाऱ्या वाऱ्यातला विंडो एसी आणि त्याची मागची बाजू

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामांत आमच्याकडे कौले परतणे, पन्हळी साफ करणे, लाकूडफाटा पडवीत आणून रचणे या गोष्टी पूर्वापार ठरलेल्या आहेत. आता त्यांत विंडो एसीची भर पडली आहे, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी समुद्राच्या वाऱ्यावर घर असलेल्याने हे काम कौलांइतक्याच गांभीर्याने घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एसीच्या निगेविषयी जे सांगितले जाते, ते बहुतेक वेळा पुढच्या जाळीपाशीच थांबते. जाळी महत्त्वाची आहेच. पण किनाऱ्यावर एसी निकामी होतो तो मागून.

याचे कारण त्याच्या रचनेत आहे. विंडो एसीत एकाच पेटीत दोन कॉइल, म्हणजे नळ्यांची वेटोळी, असतात: खोलीच्या बाजूला थंड होणारी आणि भिंतीबाहेर तापणारी, म्हणजे कंडेन्सर. दोन्हींमधून हवा खेळवण्यासाठी बहुधा एकच मोटर असते आणि तिच्या दांड्याच्या एका टोकाला खोलीत गार हवा सोडणारा ब्लोअर, तर दुसऱ्या टोकाला मागचा पंखा बसवलेला असतो. हा मागचा पंखा पेटीच्या बाजूच्या झरोक्यांतून बाहेरची हवा आत ओढतो आणि कंडेन्सरमधून पुन्हा बाहेर फेकतो. म्हणजे एसी चालू असेपर्यंत खारी हवा त्या कॉइलच्या बारीक फटींतून सतत जात राहते आणि आपल्याजवळचे मीठ तिथे ठेवत जाते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःहून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते, तसेच ते कॉइलवरही सुटते. कॉइलच्या नळ्या बहुधा तांब्याच्या आणि त्यांवरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, ॲल्युमिनियमच्या असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारट ओल, अशी स्थिती झाली की झीज ॲल्युमिनियमची होते. फिनवर आधी पांढरी भुकटी दिसते, मग त्या बोटाने दाबल्या तरी पापडासारख्या तुटतात. म्हणून ‘कॉपर कंडेन्सर’ एवढ्या शब्दांवर किनाऱ्यावरच्या माणसाने निर्धास्त राहू नये. तांब्याच्या नळ्या दुरुस्त करणे सोपे जाते हे खरे, पण उष्णता हवेत सोडण्याचे काम फिन करतात, आणि आधी जातात त्या फिनच. त्या गेल्या की कॉम्प्रेसर, म्हणजे आतला गॅस दाबणारा पंप, अधिक वेळ आणि अधिक तापून चालतो, वीजबिल वाढते आणि खोली मात्र गार होत नाही.

आमच्या घरी एकाच वेळी घेतलेले दोन एसी आहेत. एक पश्चिमेच्या, समुद्राकडच्या भिंतीत आणि दुसरा पूर्वेला, फणसाच्या आडोशाला. दुपारचे खारे वारे थेट पहिल्यावर येतात. त्याच्या मागच्या पत्र्यावर तांबेऱ्याचे पापुद्रे सुटले आहेत, स्क्रूंची डोकी ओळखू येईनाशी झाली आहेत. दुसऱ्याचा रंगसुद्धा फारसा उडालेला नाही. नवीन घर बांधणाऱ्यांनी शक्य असेल तर एसीची खिडकी समुद्राच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीत ठेवावी, असे मी आवर्जून सांगेन. याशिवाय एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एसीवर छज्जा असावा हे योग्यच, पण छज्ज्याखालच्या भागावर पावसाचे पाणी पडत नाही, आणि त्यामुळे तिथले मीठ धुतलेही जात नाही. ते आपल्यालाच धुवावे लागते.

हे धुणे गोड्या पाण्यानेच झाले पाहिजे. खाडीकाठच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने कॉइल धुणे म्हणजे मिठावर मीठ चढवणे आहे. घरची विहीर मचूळ असेल तर पिण्याच्या पाण्यातल्या दोन बादल्या या कामासाठी बाजूला काढाव्यात. आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून चालत नाही. मग पुढचे झाकण काढून आतला सांगाडा दोघांनी मिळून सरळ, आडवा न करता बाहेर ओढावा, कारण दीड टनाचा एसी एकट्याने पेलण्यासारखा नसतो आणि कॉम्प्रेसर कलंडणे चांगले नाही. मोटर आणि बटणांच्या बाजूचे वायरिंग प्लॅस्टिकने नीट झाकावे. तिथे कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, तेव्हा त्याला माहीतगार माणसाशिवाय कोणी हात लावू नये.

हवा आतून बाहेर जात असल्यामुळे कचरा कंडेन्सरच्या आतल्या तोंडाशी, पंख्याच्या बाजूला साचतो. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या कॉइलच्या आत जांभ्याची तांबडी धूळ, कोळ्यांची जाळी आणि मीठ यांचा जाड थर बसलेला आढळतो. म्हणून आधी मऊ ब्रशने फिनच्या उभ्या रेषेतच तो थर सैल करावा आणि मग पाणी बाहेरून आत मारावे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत निघते. पाण्याचा जोर बागेतल्या झारीपेक्षा फार अधिक नसावा. प्रेशर पंपाने फिन दुमडतात. धुण्याचा सोडा किंवा ॲसिड तर मुळीच वापरू नये, कारण दोन्ही ॲल्युमिनियम खातात. सर्व्हिसिंगला येणारा माणूस बाटलीतून कॉइलवर काय फवारतो, हे त्याला नम्रपणे पण जरूर विचारावे.

खालच्या ट्रेमध्ये साचलेला शेवाळी गाळ काढून टाकावा. त्या ट्रेमध्ये थोडे पाणी राहणे मात्र दोष नव्हे. बऱ्याच विंडो एसींत मागच्या पंख्याला एक कडे असते, ते हे पाणी उचलून तापलेल्या कंडेन्सरवर उडवते आणि त्याने कॉइल गार राहण्यास मदत होते. चळचळ आवाज येतो म्हणून ट्रेला भोक पाडून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी ही सोय हकनाक घालवली. सगळे धुऊन झाले की सांगाडा अर्धा दिवस उन्हात पुरता वाळू द्यावा, ट्रेवरचा गंज घासून तिथे रंगाचा हात द्यावा आणि बसवताना पेटीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार ठेवावा.

पुढची जाळी वापराच्या दिवसांत दर पंधरवड्याला साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. ती तुंबली की हवा कमी पडून आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. बाहेरची हवा आत घेणारी खटकी आपल्याकडे बंदच ठेवावी, कारण ती उघडी राहिली तर एसीची बरीच मेहनत दमट हवा वाळवण्यात जाते. वीज जाऊन आली तर किमान तीन मिनिटे थांबावे, म्हणजे आतला दाब समान होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येत नाही.

पावसाळ्यात पुष्कळजण एसीला प्लॅस्टिक गुंडाळून दोरीने करकचून बांधतात. त्याने पाऊस बाहेर राहतो, पण खारी ओल आत कोंडते. वरून आणि समोरून झाकावे, खालची बाजू मोकळी ठेवावी, आणि बंद करण्यापूर्वी एखाद्या कोरड्या दिवशी काही तास नुसता पंखा चालवून आतली कॉइल सुकवावी. नवरात्रानंतर ऊन तापू लागले की झाकण काढताच तो चालू करू नये. आत कुंभारणीचे मातीचे घर, मुंग्यांचे वारूळ किंवा पालीची अंडी आहेत का हे टॉर्चने पाहावे आणि मागची बाजू पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन काढावी.

राहता राहिला गॅस. तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांतच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि खारट हवेत तिचा संशय आधी मागच्या कॉइलवर घ्यावा. ‘दरवर्षी भरावाच लागतो’ असे कोणी म्हणाले तर गळती शोधून, सांधा झाळून, मगच गॅस भरण्याचा आग्रह धरावा. पुष्कळ नव्या एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो आणि तो सौम्य ज्वलनशील असल्यामुळे हे काम शिकलेल्या मेकॅनिककडूनच, दारे-खिडक्या उघड्या ठेवून करून घ्यावे.